कोपरापाशी झोळ पडणारी बाही : टाके वाढवण्याच्या हिशोबाचे एक प्रकरण

पंचवटीत आमच्याच इमारतीत राहणाऱ्या एका गृहिणीने गेल्या हिवाळ्याच्या तोंडावर आपल्या नवऱ्यासाठी पूर्ण बाह्यांचा स्वेटर विणायला घेतला होता. त्यांची द्राक्षबाग निफाड तालुक्यात आहे. कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रात नोंदलेले नीचांकी तापमान दर हिवाळ्यात वर्तमानपत्रांत छापून येते, आणि त्या दिवसांत बागेला गारठा बाधू नये म्हणून शेतकऱ्याला पहाटेच बागेत जाऊन शेकोट्या पेटवाव्या लागतात, पाणी सोडावे लागते. अशा माणसाच्या स्वेटरची बाही तीन गोष्टींवर पारखली जाते : काठ मनगटाशी नीट बसला पाहिजे, पाण्यात हात घालायची वेळ आली तर बाही कोपराच्या वर सरकवता आली पाहिजे, आणि मांडवाच्या तारेला किंवा द्राक्षाच्या काडीला अडकेल असा सैल झोळ हाताखाली राहता कामा नये. यातील तिसऱ्या गोष्टीने तिची बाही नापास केली.

ती बाही घेऊन माझ्याकडे आली तेव्हा पाठ आणि दोन्ही पुढचे भाग पूर्ण झाले होते, आणि पहिली बाही मुंड्यापर्यंत, म्हणजे काखेपर्यंत, पोहोचली होती. "काकू, टाके मी तीनदा मोजले, एकही चुकलेला नाही, तरी ही कोपरापाशी अशी का लोंबते?" असे तिने विचारले. बाही नवऱ्याच्या हातावर तात्पुरत्या टाक्यांनी जोडून पाहिली, तर मनगट व्यवस्थित होते, दंडाशी बाही हवी तेवढीच सैल होती, आणि मधे, कोपराच्या जरा खाली, मूठभर कापड लोंबत होते.

माझा पहिला अंदाज चुकला, आणि तो नोंदवणे आवश्यक वाटते, कारण अनुभवी हातांनाही हाच अंदाज आधी सुचतो. मला वाटले की मधे तिचा हात सैल पडला असावा. दिवसभराची कामे आटोपून रात्री विणताना धागा बोटावर ढिला सुटतो आणि त्या भागातील टाके मोठे होतात, हे मी पुष्कळदा पाहिले आहे. परंतु बाही जाजमावर सपाट पसरून मनगटाजवळ, कोपराजवळ आणि दंडाजवळ प्रत्येकी ४ इंचांत किती टाके बसतात ते मोजले, तेव्हा तिन्ही ठिकाणी २२ टाकेच भरले. हात कोठेही सैल पडलेला नव्हता. काठावर ५२ टाके होते आणि मुंड्यापाशी ८४, म्हणजे दोन्ही टोकांचे आकडेही तिने ठरवल्याप्रमाणेच होते.

आता उरल्या सुया. विणणाऱ्यांच्या बोलण्यात एक ओळ म्हणजे एक सुई, आणि या लेखातही तो शब्द मी त्याच अर्थाने वापरणार आहे. टाके मोजण्याची सवय प्रत्येकीला असते, कारण ते डोळ्यांसमोर सुईवर बसलेले असतात. सुया मात्र विणून झाल्या की खाली निघून जातात, आणि त्या मोजायच्या म्हणजे टाचणीचे टोक धरून एकावर एक बसलेले इंग्रजी व्हीसारखे टाके वर वर चढत मोजावे लागतात. तसे मोजल्यावर दोष लगेच दिसला. तिने दर चौथ्या सुईला दोन्ही कडांना एक-एक टाका वाढवला होता. ५२चे ८४ व्हायला ३२ टाके लागतात, एका वेळी २ याप्रमाणे १६ वेळा वाढ, आणि ही सोळावी वाढ काठापासून ६५व्या सुईलाच संपली होती. तिच्या हाताच्या एका इंचात साडेसात सुया बसतात, म्हणजे काठाच्या वर पावणेनऊ इंचांच्या आतच बाही दंडाएवढी रुंद झाली होती. तेथून मुंड्यापर्यंतचा जवळजवळ सात इंचांचा भाग तिने सरळ विणून काढला होता.

चौथ्या सुईचा नियम आला कोठून, हे विचारल्यावर तिने सासूबाईंची वही दाखवली. निळ्या शाईने भरलेली, लोकरीचे छोटे तुकडे पानांना टाचलेली ती वही मी आदराने हाताळली, कारण अशा वह्यांत एकेका घराचे विणकाम साठवलेले असते. त्या पानावर स्पष्ट लिहिले होते : "बाही, चार सुयांनी दोन्हीकडे एक-एक टाका, पंधरा वेळा." हा हिशोब चुकीचा नव्हता. तो तिच्या नवऱ्याच्याच, पण त्याच्या सातव्या-आठव्या वर्षीच्या स्वेटरचा होता. लोकरीची जाडी तीच, विणायची सळईसारखी सुईही तीच, ८ नंबरची. मुलाच्या बाहीचे मनगट साडेसहा इंच आणि दंडाचा घेर १२ इंच धरला तर फरक साडेपाच इंचांचा येतो, इंचाला साडेपाच टाक्यांप्रमाणे ३० टाके, म्हणजे १५ वेळा वाढ. लहान हाताची वाढवायची लांबी ८ इंच, म्हणजे ६० सुया. ६० भागिले १५ बरोबर ४. सासूबाईंनी अगदी अचूक विणले होते.

या प्रकरणातील सर्वांत शिकण्यासारखी गोष्ट मला येथे दिसते. मुलाच्या बाहीत १५ वेळा वाढ आहे आणि मोठ्या माणसाच्या बाहीत १६ वेळा. वाढ जवळजवळ तितकीच. पण ती वाढ पसरायची लांबी एका बाहीत ८ इंच आणि दुसरीत १४ इंच, म्हणजे पावणेदोनपट. माणूस मोठा झाला की हात जाडीपेक्षा लांबीने अधिक वाढतो, त्यामुळे टाके जपून सुयांचा नियम तसाच उचलला, तर बाही खालच्या अर्ध्या भागातच आपली सगळी रुंदी खर्च करून टाकते. कोपर काठाच्या वर साधारण साडेसात इंचांवर, म्हणजे ५७व्या सुईच्या आसपास येत होते. तेथे तिच्या बाहीत ८० टाके होते. योग्य हिशोबाने तेथे ७० हवे होते. दहा टाके म्हणजे जवळजवळ दोन इंच, आणि तोच तो झोळ.

नवा हिशोब मांडण्याआधी मी तिला नमुना विणायला लावला. तिची थोडी नाराजी झाली, कारण बाहीवरच मोजमाप घेता आले असते असे तिला वाटत होते, आणि ते सर्वस्वी चूक नव्हते. परंतु बाही न धुतलेली होती, आणि धुतल्यावर कापडाची उंची बदलते. नमुना ३० टाक्यांचा घेतला, म्हणजे कडेचे वेडेवाकडे टाके सोडून मधले ४ इंच निर्धास्त मोजता येतील. एक सुई सुलट आणि एक सुई उलट असा तो साडेपाच इंच उंच विणला. धुण्याआधी ४ इंचांत २२ टाके आणि ३१ सुया भरल्या. धुऊन, सावलीत सपाट वाळवून मोजल्या तेव्हा २२ टाके आणि ३० सुया. एका सुईचा फरक क्षुल्लक वाटतो, पण १४ इंचांच्या लांबीत त्याने साडेतीन सुयांचा, म्हणजे जवळजवळ अर्ध्या इंचाचा फरक पडतो. इंचाला साडेपाच टाके आणि साडेसात सुया हे दोन आकडे यापुढे पक्के धरले. यातील अर्धे कधीही गाळू नयेत. दंडाच्या १५ इंचांना साडेपाचऐवजी सहाने गुणले तर ९० टाके येतात, आणि ते विणल्यावर १५ इंच न भरता सव्वासोळा इंचांच्याही वर जातात.

टाक्यांचा भाग लवकर झाला. मनगटाच्या वर ९ इंच, म्हणजे साडेएकोणपन्नास टाके, त्यात शिवणीचे २ मिळवून आणि सम संख्या धरून ५२. दंडाशी १५ इंच, म्हणजे साडेब्याऐंशी, शिवणीसह ८४. हे दोन्ही आकडे तिने आधीच बरोबर काढले होते.

सुयांचा हिशोब मात्र सावकाश करण्यासारखा आहे. मनगटापासून काखेपर्यंत बाही १८ इंच. त्यातून काठाचे अडीच इंच वजा केले. मुंड्याच्या आधी दीड इंच सरळ विणायचा, तोही वजा केला. हा सरळ भाग पुष्कळजणी वगळतात, पण तो ठेवण्याचे कारण पुढे येईल. उरले १४ इंच; साडेसातने गुणून १०५ सुया. या १०५ सुयांत १६ वेळा वाढ बसवायची. सरळ भागाकार केला तर साडेसहाच्या आसपास उत्तर येते, आणि साडेसहाव्या सुईला टाका वाढवता येत नाही. सातव्या सुईला वाढवावे तर एक वाढ सुलट बाजूला आणि पुढची उलट बाजूला येते, कडेची रेषा बिघडते आणि मोजताना गोंधळ होतो. म्हणून वाढ नेहमी सुलट बाजूलाच, आणि त्यासाठी दोन वाढींमधले अंतर सम संख्येचे असले पाहिजे.

यासाठी सुया जोडीने मोजाव्यात. एक सुलट आणि एक उलट मिळून एक जोडी. काठानंतरची पहिली सुई सुलट बाजूची, म्हणजे सगळ्या सुलट सुया विषम क्रमांकाच्या : १, ३, ५ आणि शेवटी १०५. पहिल्या सुईपासून १०५व्या सुईपर्यंत १०४ सुयांचे, म्हणजे ५२ जोड्यांचे अंतर आहे. ५२ला १६ने भागले, भागाकार ३ आणि बाकी ४. भागाकार ३ म्हणजे मूळ अंतर तीन जोड्यांचे, अर्थात ६ सुयांचे. बाकी ४ म्हणजे चार वेळा एक जोडी जास्त द्यायची, अर्थात ८ सुयांचे अंतर. १६मधून ४ गेले, उरले १२. म्हणून १२ वेळा ६ सुयांनी आणि ४ वेळा ८ सुयांनी. ताळा करून पाहिला : बारा सक बहात्तर, चार आठे बत्तीस, बेरीज १०४. ही रीत कोणत्याही बाहीला, कळीदार फ्रॉकला किंवा शालीच्या तिरक्या कडेला लागू पडते, आणि शाळेतल्या भागाकारापलीकडे तिला काही लागत नाही. बाकी टाकून न देता ती लांब अंतरांत वाटायची, एवढेच लक्षात ठेवावे लागते.

येथे भाषेचाही एक खड्डा आहे. "सहा सुयांनंतर वाढवा" आणि "दर सहाव्या सुईला वाढवा" ही दोन वाक्ये आपण बोलताना सर्रास एकाच अर्थाने वापरतो, पण पहिल्या वाक्याप्रमाणे सहा साध्या सुया विणून सातवीला वाढवले, तर दर वेळी अंतर सातचे होते. सोळा वेळा सात म्हणजे ११२ सुया, बाही लांबते, आणि वर सांगितल्याप्रमाणे निम्म्या वाढी उलट बाजूला पडतात. म्हणून तिला मी अंतरे न देता सुयांचे क्रमांकच लिहून दिले. पहिली वाढ सातव्या सुईला, मग १३, १९, २५, ३१, ३७, ४३, ४९, ५५, ६१, ६७ आणि ७३. येथे टाके ७६ झाले पाहिजेत. त्यानंतर ८१, ८९, ९७ आणि १०५, आणि शेवटी ८४ टाके. जुन्या दिनदर्शिकेच्या पानामागे हे आकडे तिने मोठ्या अक्षरांत उतरवून घेतले आणि प्रत्येक वाढीनंतर त्यावर काट मारायची असे ठरले. शिवाय वाढलेल्या टाक्यात वेगळ्या रंगाच्या धाग्याचा छोटा तुकडा अडकवायचा, म्हणजे कागद हरवला तरी बाही स्वतःच हिशोब सांगेल.

आठची अंतरे शेवटी ठेवावीत की मधे मधे मिसळावीत, यावर आमचे थोडे बोलणे झाले. सहा, सहा, सहा, आठ असा क्रम चार वेळा घेतला तरी बेरीज १०४च येते आणि कडेची रेषा अधिक सरळ दिसते. बारीक हाताच्या व्यक्तीसाठी मी तेच सुचवले असते. परंतु छाटणी आणि फवारणी करणाऱ्या माणसाचा हात मनगटाच्या वर लवकर भरतो, आणि बाही वर सरकवायची असल्यामुळे खालच्या भागात रुंदी जरा आधी मिळणे सोयीचे. म्हणून जवळची अंतरे आधी आणि लांबची वर.

काठाचाही हिशोब जाता जाता दुरुस्त केला. काठ १० नंबरच्या सुईवर, एक सुलट एक उलट, ४८ टाक्यांचा होता, आणि त्याचे ५२ करताना तिने चारही टाके सुईच्या सुरुवातीलाच वाढवले होते, त्यामुळे मनगटाच्या एका बाजूला फुगवटा आला होता. ४८ला ४ने भागून १२ येतात. दर बारा टाक्यांनी वाढवावे हे खरे, पण पहिली वाढ बाराव्या टाक्यानंतर केली तर शेवटची अगदी कडेला, शिवणीत जाते. म्हणून पहिल्या बाराचे दोन भाग करून निम्मे सुरुवातीला आणि निम्मे शेवटी द्यायचे : ६ टाके, वाढ, १२, वाढ, १२, वाढ, १२, वाढ, आणि शेवटी ६. हे काठाच्या शेवटच्या सुईवर, उलट बाजूने करावे.

टाका वाढवण्याच्या पद्धतीबद्दल थोडे लिहिणे भाग आहे. ती एकाच टाक्यात पुढून आणि मागून विणून दोन टाके करत होती, आणि तेही अगदी पहिल्या टाक्यात. या पद्धतीने टाक्याच्या पायाशी एक आडवी गाठ दिसते, आणि कडेच्या टाक्यात केल्यास शिवण जाड व खडबडीत होते. त्याऐवजी कडेचे दोन टाके साधे विणून, पुढच्या टाक्याच्या आधी दोन टाक्यांमधला आडवा धागा डाव्या सुईवर उचलायचा. तो पुढून उचलला तर मागून विणायचा, मागून उचलला तर पुढून विणायचा. दोन्ही वेळा धाग्याला पीळ बसतो आणि भोक राहत नाही. पीळ न देता विणले तर तेथे जाळीसारखे छिद्र उरते, आणि पहाटेच्या गारठ्यात काम करणाऱ्या माणसाच्या बाहीला ते परवडणारे नाही. पुढून उचललेला टाका डावीकडे कलतो, मागून उचललेला उजवीकडे. सुरुवातीच्या कडेला एक प्रकार आणि शेवटच्या कडेला दुसरा घेतला की दोन्ही बाजू एकमेकींच्या आरशातल्या दिसतात.

विणलेली बाही उसवावी लागली. चुकीची वाढ पाचव्या सुईपासूनच सुरू झाल्याने वरचा काही भाग वाचवण्याचा मार्ग नव्हता, आणि काठाची शेवटची सुईही बदलायची होती. पंधरा इंचांहून अधिक विणकाम अर्ध्या तासात धागा होऊन बसले. तिने शेवटच्या काही सुया माझ्या हाती दिल्या, तिला बघवेना. उसवलेला धागा नागमोडी होतो आणि तसाच विणला तर टाके असमान पडतात. म्हणून खुर्चीच्या पाठीभोवती त्याची लड घातली, चार ठिकाणी सैल बांधली, कोमट पाण्यात भिजवली, न पिळता टॉवेलमध्ये दाबून पाणी काढले आणि सावलीत टांगली. लोकर ॲक्रिलिक मिसळलेली होती, आणि कढत पाणी अशा धाग्याला सोसत नाही, त्यातला लवचीकपणाच जातो. नाशिकच्या कोरड्या हवेत लड दुसऱ्या दिवशी गुंडाळण्याजोगी झाली.

नव्या बाहीत ७३व्या सुईला थांबून तपासणी केली. टाके ७६ भरले. लांबी हिशोबाप्रमाणे पावणेदहा इंचांच्या जवळ यायला हवी होती. सपाट ठेवून, धुतल्यावर पडणारा फरक धरूनही, ती साडेनऊ इंचच आली. लक्ष देऊन विणताना तिचा हात थोडा आवळला होता. हीच गती पुढे धरली तर १०५ सुयांत १४ इंच भरणार नव्हते, तेरा इंच आणि वर पाऊण इंचाहून थोडे कमी एवढेच भरणार होते. तरीही वाढीचे क्रमांक बदलावे लागले नाहीत, कारण उरलेल्या साडेचार इंचांत आता साधारण ३४ सुया बसणार होत्या आणि चार वाढींसाठी आठाचे अंतरच योग्य ठरत होते. कमी पडलेली लांबी मुंड्याच्या आधीच्या सरळ भागात घेतली, ११ सुयांऐवजी १४. तो दीड इंच ठेवण्याचे कारण हेच. हाताची गती मधेच बदलली, तर तिचा भार वाढीच्या रेषेवर न पडता त्या सरळ पट्टीवर पडतो. दुसऱ्या बाहीलाही मग १४च सुया दिल्या, आणि ती विणताना पहिली बाही शेजारी पसरून दर वाढीला रंगीत धाग्याशी धागा जुळवून पाहिला.

दोन्ही बाह्या शिवून झाल्यावर कोपरापाशीचा घेर मोजला, तो सव्वाबारा इंचांच्या किंचित वर भरला. बाही कोपराच्या वर सरकते, तेथे टिकते, आणि हात खाली सोडला की झोळ पडत नाही. सासूबाईंच्या वहीतील त्या पानाला तिने हात लावला नाही. समोरच्या कोऱ्या पानावर आपल्या अक्षरात लिहिले : "मोठी बाही. सुई ८ नंबर. धुतल्यावर ४ इंचांत २२ टाके, ३० सुया. काठानंतर ५२, मुंड्याला ८४. वाढवायची लांबी १४ इंच. ६ सुयांनी १२ वेळा, मग ८ सुयांनी ४ वेळा, पहिली वाढ सातव्या सुईला." आणि जुन्या पानावरच्या "बाही" या शब्दाच्या बाजूला पेन्सिलीने बारीक अक्षरांत : "वय ७-८, वाढीची लांबी ८ इंच."